एकतीस डिसेंबरच्या आत

माझ्या साडूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांचे किस्से सांगणं मात्र कधी टाळलं नाही. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कुठल्याही मराठी घरात जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणायचं, "काका, तुमच्या साडूंचं सांगा ना काहीतरी," आणि मी सांगायचो. आता ते राहिले नाहीत. माझंही वय झालं आहे, तेव्हा जे सांगायचं राहिलं ते एकदा लिहून टाकतो. सुरुवातीलाच एक मोठं विधान करतो, कारण ते खरं आहे: पोटापाण्यासाठी अमेरिकेत आलेल्या समस्त मराठी माणसांत वर्ष संपण्याची त्यांच्याएवढी धास्ती आणि त्यांच्याएवढा आनंद एकाच वेळी दुसऱ्या कुणालाही वाटला नसेल.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचे यजमान ते, धाकटीचा मी. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला साडूभाऊ. मूळचे नागपूरचे, आणि इथं राज्याच्या रस्ते खात्यात पुलांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जन्मभर पुलाखाली उभं राहून वरच्या भेगा पाहिल्यामुळे असेल, पण आजचं काम उद्यावर गेलं की कुठंतरी काहीतरी कोसळतं, असा त्यांचा ठाम समज होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा ते आदल्या दिवशी द्यायचे. जेवायला साडेसहाला बोलावलं की सहाच्या आधीच त्यांची गाडी आमच्या घरासमोर येऊन उभी. पण वेळेआधी बेल वाजवणं असभ्य, म्हणून बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी नवराबायको हीटर लावून गाडीतच बसून राहायची. माझी बायको खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "अहो, ताई बाहेर बसलीय, आणा ना त्यांना आत." मी गेलो की दादा काच चार बोटं खाली करून म्हणायचे, "तुमचं चालू द्या साडूभाऊ. आम्ही वेळेवर येऊन राहिलो."

पण या स्वभावाचं शिखर म्हणजे राज्याच्या कराचा चौथा हप्ता. ज्यांना पगाराबाहेरचं उत्पन्न असतं, म्हणजे घरभाडं, व्याज, स्वतःचा दवाखाना, त्यांना इथं राज्याचा कर अंदाजानं चार हप्त्यांत भरावा लागतो. चौथ्या हप्त्याची मुदत पुढच्या जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. आता राज्याला भरलेला कर केंद्राच्या करात वजावट म्हणून दाखवता येतो, पण पैसे ज्या वर्षी प्रत्यक्ष भरले त्याच वर्षी. म्हणजे तो हप्ता जानेवारीत भरला तर वजावट एक वर्ष लांबते, एकतीस डिसेंबरच्या आत भरला तर याच वर्षी पदरात पडते. एवढीच गोष्ट. कुठल्याही अकाउंटंटला ती ठाऊक असते आणि तो ती सांगून विसरूनही जातो. दादांना मात्र ती दोन वर्षांच्या मध्ये देवानं खास आपल्या लोकांसाठी ठेवलेली फट वाटायची, आणि त्या फटीतून प्रत्येक मराठी कुटुंब सुखरूप पार झालं पाहिजे ही आपली जबाबदारी वाटायची.

नोव्हेंबरअखेरची थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली की त्यांचे फोन सुरू व्हायचे. "तब्येत बरी? पोरं बरी? चौथा हप्ता?" अशा त्याच क्रमानं. मुंबईहून आलेली आयटीतली पोरं त्यांना 'हप्तेवाले काका' म्हणत आणि ते ऐकून दादांना अभिमान वाटायचा. कर इंटरनेटवरून भरता यायला लागला तरी त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. "त्याच्यावर तारखेचा ठप्पा कुठं बसतो?" म्हणायचे. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, दुपारीच अंधारून आलेलं असताना, कोटाच्या आतल्या खिशात हप्त्याच्या चेकचं पाकीट घेऊन ते पोस्टात रांगेत उभे राहायचे आणि काउंटरवरच्या बाईंना आपल्यादेखत ठप्पा मारायला लावायचे. एकदा मी सोबत होतो. बाई हसून म्हणाल्या, "सी यू नेक्स्ट इयर, सर." दादा गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, नेक्स्ट इयर इज टू लेट."

देणग्यांचंही तसंच. दोन वर्षांची देणगी एकाच डिसेंबरात दिली की वजावट भरीव होते, म्हणून इथल्या मराठी मंडळाला ते एक वर्ष दुप्पट द्यायचे आणि पुढच्या वर्षी भोपळा. नव्या खजिनदाराला हे ठाऊक नव्हतं. त्यानं बिचाऱ्यानं चाचरत विचारलं, "काका, आमचं काही चुकलं का? यंदा तुमच्याकडून काहीच नाही?" दादा म्हणाले, "चुकलं काही नाही. हे वर्ष माझं उपासाचं आहे." या किश्शावर मी कितीतरी वेळा टाळ्या घेतल्या आहेत.

एक किस्सा मी सांगायचो, पण अर्धाच. आमच्यातले एक डॉक्टर डिसेंबरात अचानक गेले. आम्ही सगळे भेटायला गेलो. दिवाणखान्यात जो तो डॉक्टरांच्या पत्नीला धीर देत होता, आणि दादा त्यांच्याजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चौथा हप्ता जानेवारीवर नका ठेवू. पाकीट मी तयार करून देतो." लोकांनी माना खाली घातल्या. ताईंनी त्यांना कोपरखळी मारली. इथपर्यंत मी सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. पुढचा भाग असा, की त्याच वहिनी वर्षभरानं माझ्या बायकोला म्हणाल्या, "त्या दिवशी सगळे मला धीर धर म्हणत होते. काय करायचं ते एकट्या तुमच्या भाऊजींनी सांगितलं." हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यानं किश्शाची मजा जायची.

आता मुख्य गोष्ट. दादांचा फोन विनोदी असला तरी सल्ला आंधळा नव्हता. इथं कराचा हिशेब दोनदा होतो आणि ज्यात आकडा मोठा निघेल तो भरायचा. एक नेहमीचा आणि दुसरा पर्यायी, ज्याला सगळे एएमटी म्हणतात. दुसऱ्या हिशेबात राज्याला भरलेल्या कराची वजावट मिळतच नाही. तेव्हा ज्याला त्या वर्षी एएमटी लागणार असेल, त्यानं डिसेंबरात घाई केली तर वजावट वाया जाते, त्यानं जानेवारीपर्यंत थांबावं. म्हणून हप्त्याचं विचारल्यावर दादा प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारायचे. मलाही विचारला. "साडूभाऊ, यंदा वेगळं काही झालं का? कंपनीचे शेअर वगैरे घेतले का?"

मी घेतले होते. कंपनीनं मला जुन्या भावानं शेअर घ्यायचा हक्क दिला होता, त्या वर्षी मी तो वापरला आणि शेअर विकले नाहीत. एएमटी नेमका अशानंच लागतो. पण आपला आकडा नातेवाइकांना कळू नये ही आपली जुनी खोड. ताईंच्या घरी सरकारी पेन्शन, आमच्याकडे हे. उद्या बहिणीबहिणींत तुलना नको, कुणी हात पसरायला नको. करसल्ला घरच्या माणसाकडून फुकट घ्यायचा आणि उत्पन्न त्याच्यापासूनच लपवायचं, हा उद्योग आपले लोकच करू जाणे. मी म्हटलं, "छे हो दादा, कसले शेअर." ते म्हणाले, "मग टाका निवांत. एकतीसच्या आत." मी टाकला.

एप्रिलमध्ये अकाउंटंटनं सांगितलं की ती वजावट फुकट गेली. नुकसान झालं काही हजार डॉलरचं, आम्हाला जड जावं एवढं नव्हे. बायकोनं विचारलं, "पण भाऊजींनी सांगितलं होतं ना डिसेंबरात भरायला?" मी म्हटलं, "त्यांनीच तर सांगितलं." इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पाडव्याच्या सुमाराला मंडळाचं जेवण होतं, लोक नवीन काहीतरी सांगा म्हणत होते, आणि मी सांगितलं की साडूंचं ऐकलं आणि नव्या गाडीचे पैसे बर्फात पुरून आलो. एवढा हशा मला त्याआधी कधी मिळाला नव्हता. दादा तिथंच हातात श्रीखंडाची वाटी घेऊन उभे होते. ते माझ्याजवळ आले.

"खरं सांगून राहिले का, साडूभाऊ? तुम्हाला एएमटी लागायला नाही पाहिजे."

"लागला खरा."

"असं कसं?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "मग माझंच काहीतरी चुकलं."

पुढचे कित्येक आठवडे ते लायब्ररीत जाऊन कराची पुस्तकं वाचत होते. एकदा आमच्याकडे आले, या वेळी गाडीत न बसता थेट दाराशी. म्हणाले, "तुमचं रिटर्न एकदा पाहू देता का? चूक कुठं झाली तेवढं समजलं की बरं वाटेल." मी म्हटलं, "जाऊ द्या हो दादा. घरचीच गोष्ट आहे, मी काही मनात ठेवलेलं नाही." माझ्या या मोठेपणाचं सगळीकडे कौतुक झालं. त्या डिसेंबरात कुणालाच त्यांचा फोन आला नाही. लोकांना प्रथम चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. पुढे कायदाच बदलला, वजावटीला दहा हजार डॉलरची मर्यादा आली आणि बहुतेकांना डिसेंबर काय नि जानेवारी काय, सारखंच झालं. आता त्या फोनांना तसाही अर्थ राहिला नाही, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. दादा हळूहळू मंडळात यायचे बंद झाले. आले तरी जेवून लवकर निघायचे.

अलीकडे ती मर्यादा चाळीस हजारांवर गेली. पुण्याचा एक तरुण, कन्सल्टिंग करतो, मला दुकानात भेटला. म्हणाला, "काका, तुमच्या साडूंना फोन केला होता, फोर्थ क्वार्टरचं पेमेंट डिसेंबरमध्ये करू का म्हणून. ते म्हणाले, बाबा, मला नको विचारू, मी एकदा घरच्या माणसाचं नुकसान केलं आहे. कुणाचं हो?" मी म्हटलं, "मला नाही माहीत." म्हणजे पुन्हा खोटंच.

तोवर दादांच्या हृदयानं साथ सोडत आणली होती. हॉस्पिटलनं घरी पाठवलं होतं आणि बैठकीच्या खोलीत त्यांचा पलंग लावला होता. मी दुपारी गेलो. ताई स्वयंपाकघरात पेज करत होत्या. दादा डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले आहेत.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "तुमचा तो हप्ता. मी सगळं तपासलं. चुकलो कुठं, ते काही सापडलं नाही."

"तुम्ही चुकला नव्हता, दादा."

ते हसले. "तुम्ही भले आहात म्हणून म्हणता."

"नाही, खरंच. चूक तुमची नव्हतीच."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मग कोणाची होती?"

ताई पेज घेऊन आल्या, "अहो, आता तरी टॅक्स पुरे," म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडाशी चमचा धरला. त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. रविवारी येऊन बोलू, असं ठरवून मी उठलो. ते शुक्रवारी गेले. अंत्यविधीच्या वेळी चार शब्द बोलायला लोकांनी मलाच पुढे केलं, कारण त्यांचे किस्से माझ्याइतके चांगले कुणाला येत नाहीत. मी सांगितले. लोक रडता रडता हसले.

ताई आल्या म्हणून राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ते खरं नाही. त्यांनी विचारलं आणि ताई आत आल्या, या दोन्हींच्या मध्ये बराच वेळ गेला होता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, दादा माझ्याकडे बघत वाट पाहत होते, आणि मी त्यांच्या पांघरुणाची घडी नीट करत बसलो. माझी होती, दादा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी शेअर घेतलेले होते आणि मी नाही म्हणालो. मला माफ करा.