भट्टी बंद झाली तेव्हा

लग्न होऊन मी आले ते गाव सोलापूरच्या दक्षिणेला, संस्थानच्या हद्दीत. माझं माहेर केमचं, शेतकऱ्याचं. सासरी दारूची भट्टी आहे हे वडिलांना ठाऊक होतं. मला मात्र वरातीची गाडी ओढ्याजवळ आली तेव्हा वासावरून कळलं.

भट्टी आजेसासऱ्यांनी घातलेली. संस्थानचा परवाना होता, चोरीचं काही नव्हतं. मोहाची वाळकी फुलं गाड्यांनी यायची, रांजणात भिजत पडायची. आंबली की तांब्याच्या हंड्यात चढायची. त्यातली वाफ नळीतून जाताना ओढ्याच्या पाण्यानं गार व्हायची आणि दारू थेंब थेंब उतरायची. सासरे आणि माझे मालक आळीपाळीनं जाळ सांभाळायचे. सासऱ्यांनी स्वतः कधी ती तोंडाला लावली नाही. गावात कुणी आम्हाला वाईट बोलत नसे, पण संक्रांतीला वाण घेऊन एकही बाई आमच्याकडे येत नसे. तरी सासूबाई त्या दिवशी अंगण सारवून, रांगोळी घालून ठेवायच्या.

मग हुकूम आला. गावोगावच्या भट्ट्या मोडायच्या, दारू आता मोठ्या कारखान्यातून येणार. दारूबंदी अजून लांब होती. दारूचं दुकान चालवायचं तर त्याचा परवाना लिलावात घ्या, असं सांगितलं.

मला मनातून बरं वाटलं, पण दाखवायची सोय नव्हती. सासरे आता अंथरूण धरतात की काय, या धास्तीनं मी तोंड पाडून वावरत होते. सासूबाईंचंही तोंड उतरलेलं.

एका सकाळी बापलेक न्याहारीला बसले. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, सासूबाई वाढत होत्या.

"लिलावाला कवा जायचं?" मालकांनी विचारलं.

"जायाचं न्हाय," सासरे म्हणाले.

"मग खायाचं काय?"

"वड्याकडंची जमीन हाय की. पाणी हाय." त्यांनी आमच्याकडे पाहिलं. "तुमी समद्यांनी तोंडं का पाडल्यात? मला लई हलकं वाटतंय. कुणाची बायको नवऱ्याला हुडकत दारात आली की मी उठून आत जाऊन बसायचो. किती वर्सं बसायचं?"

सासूबाई मूळच्या कानडी मुलखातल्या. मनातलं बोलायचं झालं की त्यांना कानडीच सुचे. "चलो आतु," त्या म्हणाल्या. बरं झालं. मग माझ्याकडे बघून हसल्या. इतकी वर्षं त्यांनी नवऱ्यापुढे हे बोलून दाखवलं नव्हतं, आणि सासऱ्यांनीही त्यांच्यापुढे.

दोघा बापलेकांनी स्वतःच कुदळ घेऊन भट्टी खणून काढली. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. पाणी होतं म्हणून कांदा साधला.

पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी पोचवायला सासरे स्वतः आले. लग्नानंतर ते केमला कधी आले नव्हते. वडिलांनी त्यांना पाणी दिलं, घोंगडी अंथरली. कुणी काही विचारायच्या आतच सासरे म्हणाले, "आमी आता कांदा लावतो." वडील म्हणाले, "व्हय का? जमीन कशी हाय?" आणि दोघं जेवणाची पानं मांडेपर्यंत कांद्याबद्दलच बोलत बसले.