जांभळे फडके

उजव्या हाताचा तळवा कपाळावर आडवा धरायचा, डोळे बारीक करायचे आणि लांबून येणाऱ्या माणसाचे नाव सांगायचे, ही आबांची सवय होती. यात विशेष काय, असे तुम्ही म्हणाल. विशेष हे, की येणाऱ्या प्रत्येकाचे तोंड फडक्याने गच्च बांधलेले असे. नंदुरबारला हिवाळ्यात मोकळ्या मैदानांवर लाल मिरच्या वाळत घालतात. त्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो. तिथे उघड्या तोंडाने उभे राहिले तर खोकून जीव जातो. म्हणून माणसाचे फक्त डोळे दिसतात.

आबा आमच्या मजुरांच्या टोळीचे मुकादम. "तो देख, हिरामण येई ऱ्हायना," ते म्हणत. कोणी शंका घेतली की उत्तर ठरलेले, "देखं म्हंजे देखं. मन्हा डोया कधी खोटं नई बोलतस."

हिरामण म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर घर त्याच्यावर होते, आणि माझे कॉलेजही.

आबांना मूलबाळ नव्हते. दर दिवाळीला ते नवा जांभळा फेटा घेत आणि जुना फाडून टोळीतल्या सात-आठ जणांना तोंडाला बांधायला देत. पहिला तुकडा नेहमी दादाचा. मी पहिल्यांदा पुण्याला निघालो तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत आबाच आले. मी ओढू लागलो तर म्हणाले, "साहेब व्हशी तवय उचल. आते पुस्तकं उचल."

एकदा मात्र आबांची फजिती झाली. मी सुटीत कामाला होतो. गोविंदा नावाचा मजूर जांभळे फडके बांधून येत होता. आबांनी तळवा कपाळावर धरला आणि ओरडले, "हिरामण, पाय उचल ना रे!"

"आबा, मी गोविंदा शे! हिरामण तठे, तुम्हना मांगे!"

दादा खरोखरच त्यांच्या मागे उभा होता. सारी पथारी हसली. आबा रागावले, मग तेही हसले. "मन्हा डोया नई चुकनात. तुन्ही चाल चुकनी." तो विनोद पंधरा दिवस पुरला.

पुढच्या नाताळात शेठच्या मुनिमाने एका म्हाताऱ्या मजुरणीला सगळ्यांसमोर वाईट शिवी दिली. दुपारची जेवणाची वेळ होती, लोक पांगलेले. मुनीम पाठमोरा झाला तसे कोणीतरी मिरच्या पसरायचे लाकडी दाताळे त्याच्या डोक्यात घातले आणि रेल्वेच्या रुळांकडे पळाला. मुनीम वाचला, पण एका कानाने कायमचा बहिरा झाला. पळणाऱ्याच्या तोंडाला जांभळे फडके होते. जवळून पाहणारे एकटे आबा.

आबांनी दादाचे नाव सांगितले.

दादा तेव्हा विहिरीवर डोळे धूत होता. पण विहिरीवर दुसरे कोणी नव्हते.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी आबांच्या घरी गेलो. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते, तिथे गेल्यावर नीट बोलता आले नाही.

"आबा, तुम्ही तोंड देखं का?"

"तोंड बांधेल व्हतं. पण तोच व्हता."

"फडकं तं आठ जणसकडे शे."

आबांच्या डोळ्यांत पाणी आले. "भाऊ, तो मन्हा पोरनागत शे. त्याना नाववर मी खोटं कसं बोलू? दुसरा कोनी ऱ्हाता तं मी म्हनतू, नई वळखं. पण हिरामणले मी नई वळखसू का?"

ते खोटे बोलत असते तर मला सोपे गेले असते. मी त्यांचा द्वेष करून मोकळा झालो असतो.

कचेरीत आबांनी तीच साक्ष दिली, तळवा कपाळाला लावून, जसे काही दादा तिथूनही पळताना दिसत होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, आणखी कोणाला काही सांगायचे आहे का? मागच्या वर्षीची फजिती आमच्या साऱ्या टोळीला माहीत होती. मी टोळीकडे पाहिले. टोळी माझ्याकडे पाहत होती, कारण शिकलेला मीच. मला वाटले, कामावरचे जाणते कोणी बोलेल. गोविंदा खाली बघत उभा होता. कोणीच बोलले नाही. दादाला सहा महिने सक्तमजुरी झाली.

त्या सहा महिन्यांत आबा आमच्या घरी येत राहिले. सरपण फोडून देत, ज्वारी दळून आणत. आईने एकदा त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "आबा, तुम्हना डोयासनी मन्हं घर मोडं. आते हात कसाले लावतस?" आबा निघून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःची कुऱ्हाड घेऊन आले.

सुटल्यावर दादा दोन दिवस घरी राहिला आणि सुरतेला गिरणीत गेला. जांभळे फडके खुंटीवर तसेच सोडून गेला.

आता एक कबुली देतो. खटल्यानंतर कॉलेजात एकदा मानसशास्त्राच्या तासाला एक माणूस धावत वर्गात आला, सरांची छत्री उचलून पळाला. सरांनीच ते ठरवलेले होते. आम्ही काय पाहिले ते त्यांनी लिहायला सांगितले. मी लिहिले, तो आमच्या खाणावळीतला वाढपी होता. तो वाढपी मला न मागता एक भाकरी जास्त वाढत असे. त्या परक्या शहरात मला तेवढा एकच चेहरा आपला वाटे. सरांनी त्या माणसाला परत बोलावले. मी त्याला जन्मात पाहिले नव्हते. माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात होते, "मी स्पष्ट पाहिले."

त्या दिवशी मला आबा समजले. पण समजले म्हणून माफ झाले, असे झाले नाही. तुमचे होत असेल, तर तुम्ही माझ्याहून चांगले.

खटल्याला दोन वर्षे झाल्यावर, माझ्या नाताळच्या सुटीत, गोविंदा विसरवाडीच्या बाजारात दारूच्या भरात बोलून गेला, मुनिमाला मारणारा आपणच. मी धावत जाऊन आबांना सांगितले. ते म्हणाले, "गोविंदा पेयेल व्हता. मी शुद्धीवर व्हतू. देखं म्हंजे देखं."

मग मी जे केले ते बरे होते की नाही, मला ठाऊक नाही. त्याच सुटीत मी दादाचे फडके तोंडाला बांधले आणि पथारीवर गेलो. लांबूनच आबांचा तळवा कपाळावर गेला. हातातली काठी टाकून ते मिरच्यांतून माझ्याकडे आले.

"हिरामण! उना का रे? मले माहीत व्हतं, तू येशी."

त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. मी गाठ सोडली. मिरचीचा खकाणा नाकात गेला, पण मी तोंड झाकले नाही. आबा माझ्याकडे बघत राहिले. "देखं..." एवढेच म्हणाले.

त्यानंतर आबा पथारीवर आले नाहीत. उन्हाळ्यात वारले. तेराव्यानंतर त्यांच्या बायकोने त्यांचा शेवटचा फेटा आमच्या ओट्यावर आणून ठेवला. तो त्यांनी फाडलेला नव्हता. "हिरामणले द्या, सांगी गयात," एवढे बोलून त्या गेल्या.

आईला तो घरात घेववत नाही आणि परत करवत नाही. ओट्यावरच्या खुंटीला आहे. मी दादाला कळवले. पत्राचे उत्तर आले, त्यात माझ्या परीक्षेची चौकशी होती. फेट्याबद्दल काही नव्हते.