आवाज बंद, मालिका चालू

टीव्हीतल्या माणसांची नावं रेशनकार्डावर घालायची सोय सरकारनं उद्या केली, तर ती सगळी माणसं आमच्या साडूंच्या कार्डावर निघतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, रहिमतपूरजवळच्या एका लहान गावात ऊस लावून राहिलेले, भरघोस मिशांचे आणि ताठ पाठीचे गृहस्थ. गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मी दादा म्हणतो आणि ते मला, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, 'पावणं' म्हणतात. सीमेवर बर्फात उभा राहिलेला हा माणूस संध्याकाळी सातच्या मालिकेत सुनेला सासूनं घराबाहेर काढलं, तेव्हा ताटावरून उठला होता. आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, भाकरी घेऊन मागं मागं फिरत होती. "आवं, खोटं असतंय ते," असं तिनं म्हणताच दादा म्हणाले, "घरातली पोर रस्त्यावर हुबी हाय आन् आमी हितं भाकरी मोडायची? आपल्या घरात असलं चालत न्हाई."

मालिकेत लग्न निघालं, की दादा इस्त्रीचा सदरा घालून बसत आणि आक्काला शिरा करायला लावत. मालिकेत कुणी वारलं, की दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजायला जायचं ते टाळत. एकदा त्या सुनेच्या नवऱ्याचं काम करणारा नट बदलला आणि त्याच नावानं दुसराच माणूस घरात वावरू लागला. सगळ्या महाराष्ट्रानं दोन दिवस कुरकुर करून तो पत्करला; दादांनी नाही. "बदली झाली तर मानूस बदलतो, कबूल," ते मला म्हणाले, "पन पावणं, आदीच्यानं चार्ज द्यायला नको? असा कसा कुनीबी येऊन बसंल आपल्या सुनंशेजारी?" पुढं कित्येक दिवस ते त्याला 'नवीन आलेला' असंच म्हणत. मालिकेतली ती कजाग सासू एका जाहिरातीत चहा विकायला आली, त्या दिवसापासून त्यांच्या घरातला चहा बदलला. सुनेच्या दुधात इख कालवणाऱ्या बाईच्या हातचा चहा प्यायला ते वेडे नव्हते.

याच सुनेचं काम करणारी नटी एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला सांगलीत आली, तेव्हा दादा पहाटेची एसटी धरून माझ्या दारात हजर. खांद्यावर पिशवी, पिशवीत घरच्या गुळाची ढेप. गर्दीतली पोरंटोरं मोबाईल उंचावून तिच्याबरोबर फोटो काढत होती. दादांचा नंबर आला तेव्हा त्यांनी गुळाची ढेप तिच्या हातात ठेवली आणि परेडच्या मैदानावरच्या आवाजात सांगितलं, "पोरी, तुजा नवरा वाईट न्हाई. पन हलक्या कानाचा हाय, आईचं लय ऐकतोय. लयच जाच व्हायला लागला तर सरळ निघून ये. रहिमतपूरला उतरलीस की कुनालाबी सुभेदाराचं घर इचार. म्हायेर समज." दुकानवाले हसले. ती बाईही आधी हसली. मग तिनं ढेप शेजारच्याकडे दिली, भरजरी पदर सावरला आणि खाली वाकून दादांच्या पाया पडली. परत येताना रिक्षात दादा एवढंच म्हणाले, "वाळलीय. टीव्हीत कळत न्हाई."

हा झाला टीव्ही. पण टीव्ही हे दादांचं उतारवयातलं प्रेम. पहिलं प्रेम कॉमिक्स. फौजेत असताना ज्या ज्या स्टेशनवर गाडी थांबली, तिथल्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्यांनी कॉमिक्स घेतलं. फौजेची काळी ट्रंक कॉमिक्सनं काठोकाठ भरलेली आहे. कसर लागू नये म्हणून वर कडुलिंबाचा पाला. त्यातला त्यांचा लाडका वीर म्हणजे कॅप्टन भोवरा. हा गृहस्थ स्वतःभोवती गरागरा फिरून जमिनीत शिरतो आणि नेमका चोराच्या पायाखाली निघतो. दादांची बदली कधी आसामात, कधी तामिळ मुलखात. तिथली लिपी येत नाही म्हणून कॉमिक्स घ्यायचं थांबवणं त्यांना मंजूर नव्हतं. ते चित्रं बघत आणि बोलणं स्वतः घालत. बराकीतले जवान भोवती बसत आणि दादांच्या तोंडून कॅप्टन भोवरा अस्सल सातारीत गरजे, "थांब रं भामट्या! कुठं पळतूस? आलोच बग खालनं!" बिहारचे, पंजाबचे गडी हे ऐकून पोट धरून हसत. त्यातल्या एकानं म्हणे निवृत्त होऊन घरी गेल्यावर नातवाला 'आलोच बग खालनं' शिकवलं. दादांच्या मते कॉमिक्स वाचायला अक्षरओळख लागतच नाही. "मानसाचं तोंड बगायचं. भुवई वर हाय का खाली हाय, मूठ आवळलीया का सोडलीया. झालं. वर ढगात काय लिवलंय ते आपसूक कळतंय."

ही विद्या पुढं त्यांच्या इतकी कामाला येईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

तोफखान्यातल्या माणसाचे कान तोफेला वाहिलेले असतात. दादांचे हळूहळू जात होतेच. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग इतका वाढला, की त्या आळीत कुणाला सातची मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लावायची गरज राहिली नाही; बायका दारात भाजी निवडत सगळी भांडणं ऐकत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी बायकोला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर आळी शांत. मला वाटलं, दादा गावाला गेले असतील. आत पाहिलं तर टीव्ही चालू, दादा खुर्चीत ताठ बसलेले, समोर आक्का आणि शेजारच्या चार-दोन बायका जमिनीवर बसलेल्या. टीव्हीतून चकार शब्द येत नव्हता. बोलत होते दादा. पडद्यावर सासू डोळे वटारून बोट नाचवत होती आणि दादा तिच्या वतीनं म्हणत होते, "आगं, माजं चुकलं. मी बी कवातरी सून हुती. तवा मला कुनी धड बोललं न्हाई, त्याचा राग मी तुज्यावर काडला." सून रडत होती. दादा तिच्या वतीनं म्हणाले, "आसू द्या, आत्याबाई. च्या घ्या." शेजारणींपैकी एकीनं पदरानं डोळे पुसले.

मी आक्काकडे पाहिलं. तिनं मला खुणेनं मागच्या पडवीत नेलं.

"टीव्हीचा आवाज दिवाळीलाच गेला," ती हळूच म्हणाली. हळू बोलायची खरं तर काही गरज नव्हती. "फुल ठेवून ठेवून आतलं काय ते फाटलं. ह्यांना कळलंच न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

"अगं पण का?"

"सांगितलं तर त्यांना कळंल, की मला कळलंय. त्यांचे कान गेल्यात हे मला ठावं न्हाई, आसं त्यांना वाटतंय. वाटू दे. आन् खरं सांगू का? ह्यांची मालिका बरी हाय. त्या टीव्हीतली बया रोज इख कालवतीया. ह्यांनी तिला मानसात आणली."

तेवढ्यात दादांचा फोन थरथरला. त्यांची एकुलती लेक बंगळूरला नोकरी करते. नवरा तिकडचाच, कानडी. तिनं स्वतः निवडलेला. तेव्हा दादांनी थोडी मिशी फुरफुरवली होती आणि नंतर जावयाला ट्रंकेतलं कॉमिक्स वाचायला दिलं होतं, म्हणजे माफी झाली होती. त्या लेकीला आता छोटी मुलगी आहे. फोनच्या पडद्यावर लेक दिसत होती, मांडीवर नात, दोघींची तोंडं हलत होती. दादांनी हात उंचावून हलवला, हसले, "रेंज न्हाई हितं, आईशी बोल," म्हणाले आणि फोन आक्काच्या हातात देऊन गोठ्याकडे निघून गेले.

दोनच दिवसांनी लेकीचा मला फोन आला. "काका, बाबा माझ्यावर रागावलेत का?" तिनं विचारलं. "किती महिने झाले, माझ्याशी बोलतच नाहीत. दर वेळी रेंज नाही म्हणतात आणि आईला तर तिथंच उभं राहून नीट ऐकू येतं. माझं लग्न त्यांच्या मनातून गेलंच नाही वाटतं. छोटी आजोबा आजोबा करते, तिच्याशीही बोलत नाहीत."

मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगायचं ते दादांनी सांगायला हवं होतं. पण रविवारी मी पुन्हा गाडी काढली आणि सरळ त्यांच्या उसाच्या रानात गेलो. दादा बांधावर बसून कॉमिक्स वाचत होते. लेकीचं म्हणणं मी सांगू लागलो. ते "व्हय, व्हय," करत मान हलवू लागले. त्या 'व्हय'चा अर्थ मला आता कळला होता. मग मी छाती भरून ओरडलो, "दादा! पोरगी रडत होती! तिला वाटतंय तुम्ही रागावलाय!" बांधावरचे बगळे उडाले. पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बायका ताठ उभ्या राहून ऐकू लागल्या.

दादांनी कॉमिक्स मिटलं. मिशीवरून हात फिरवला.

"कान गेल्यात, पावणं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक लागला. "तोफखान्यात जात्यातच. त्याचं काय न्हाई. पन पोरीला कळलं तर म्हनंल, बाप म्हातारा झाला. तिकडं लांब बसून घोर लावून घिईल."

"आणि आता काय लावून घेतलाय तिनं?" मी पुन्हा ओरडलो.

त्यांनी कॉमिक्स काखेत मारलं. मग उठले, धोतर झाडलं आणि म्हणाले, "सांगलीत मिळती का ती कानातली मशीन?"

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. दादांनी हा सैनिकी सराव समजून ठरावीक अंतरानं, न चुकता बटण दाबायला सुरुवात केली. "आजोबा," बाई शेवटी आत जाऊन त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "मी आवाज सोडायच्या आधीच तुम्ही बटण दाबताय!" दादा म्हणाले, "दुश्मनाची वाट कशाला बगायची?" मशीन बसवून आम्ही रस्त्यावर आलो. रिक्षा, मोटरसायकली, सिटी बसचे हॉर्न, हळदीच्या पोत्यांची हातगाडी ढकलणाऱ्यांच्या हाका. दादा जागच्या जागी थांबले. "ह्या गोंगाटात तुमी ऱ्हाताय व्हय?" ते म्हणाले आणि माझ्याकडे नव्या आदरानं पाहू लागले.

मी त्यांना कृष्णेच्या घाटावर नेलं. तिथं जरा शांत होतं. पायरीवर बसून त्यांनी लेकीला स्वतः फोन लावला. पलीकडून आधी नातीचाच आवाज आला असावा, कारण दादा फोन कानाला घट्ट धरून नुसते ऐकत राहिले. मिशी हलत होती. मग लेक बोलली. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण दादांचं उत्तर आलं. "न्हाई गं बाय. राग कशाचा? रेंज नव्हती. आता आलीया."

एवढं होऊन सगळं मार्गी लागेल, असं मला वाटलं होतं. मी स्वतः टीव्ही दुरुस्त करून आणला. त्या संध्याकाळी मशीन कानात घालून दादा सातच्या मालिकेसमोर बसले. सासू बोलली. सून बोलली. 'नवीन आलेला' बोलला. दादांचा चेहरा उतरत गेला. "ही आसं बोलत्यात व्हय?" त्यांनी आक्काला विचारलं. "येवड्या दिसांत येकबी शानं झालं न्हाई?" त्यांनी कानातली मशीन काढून डबीत ठेवली, टीव्हीचा आवाज पार खाली केला आणि शेजारणींना हाक मारली. तेव्हापासून मशीन फोनसाठी आणि मोकळे कान मालिकेसाठी, असा नियम झाला. लेकीचा फोन रोज येतो. दादा नातीला कॅप्टन भोवरा सांगतात आणि नात कानडी-मराठीच्या मिसळीत काहीतरी उत्तर देते.

गेल्या महिन्यात ती मालिका संपली. कशी, तर घाईघाईनं. सासूला तुरुंगात घालून आणि सुनेला परदेशी पाठवून. दादा फार खचतील म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. सात वाजता दादा नेहमीच्या खुर्चीत बसले होते. टीव्ही बंद होता, म्हणून मशीन कानातच होती. समोर आक्का आणि शेजारच्या बायका नेहमीसारख्या बसल्या होत्या आणि दादा बोलत होते. सासू तुरुंगातून सुटून आली होती, अंगण सारवत होती, दाराकडं बघत होती. मधेच एक शेजारीण म्हणाली, "आन् पोरगी? ती लांब गेलेली?"

दादांनी बंद पडद्याकडं पाहिलं.

"येती की," ते म्हणाले. "दिवाळीला येती. लेकराला घिऊन."

आक्कानं मान हलवली. शेजारीण कुठल्या पोरीबद्दल विचारत होती आणि दादा कुठल्या पोरीबद्दल सांगत होते, हे मला कळलं नाही. आणि त्या खोलीत ते विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.