भुताळणीच्या हातचं जेवण

नोटबंदीच्या वर्षी मी तलासरी रस्त्यावर जीप चालवायचो. महिला संघटनेच्या एक बाई नेहमी पुढच्या सीटवर बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, सगळे ताईच म्हणायचे. एकदा त्यांना एका पाड्यावर सोडलं. दिराची म्हैस मेली म्हणून तिथल्या एका विधवेला भुताळीण ठरवलं होतं. तिला हाकलायला माणसं जमली होती. ताईंनी भाषण केलं नाही. विधवेच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "भूक लागलीय. वाढ गं."

तिने भात आणि सुकटीचं कालवण वाढलं.

"खाऊ नका, मराल!" दीर ओरडला.

ताई सावकाश जेवल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी आहे. बाकी तक्रार नाही."

तेवढ्यात दिराची बायको उठली, घरातून मूठभर मीठ घेऊन आली आणि ताईंशेजारी जेवायला बसली.