हिमालयाआधी कुरडया

आमच्या नांदेडच्या मुलींच्या शाळेत किस्से मुद्दाम कुणी सांगत नसे. ते आपोआप साचत. मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडला की एक निघे, डबा धुवायला गेलं की दुसरा. त्यातले निम्मे तरी मी आखलेल्या एका सहलीचे आहेत, हे मला आता मान्य करायलाच हवं.

मी काशीहून शिकून नुकतीच परत आले होते आणि या शाळेत शिकवायला लागले होते. डोक्यात वारं भरलेलं. माझी अशी समजूत होती, की मी नुसतं "चला!" म्हणायचा अवकाश, शाळेतल्या सगळ्या बायका कंबर कसून उभ्या राहतील. कॉलेजात असताना आम्हाला हिमालयाच्या पायथ्याचं नवं राष्ट्रीय उद्यान दाखवलं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता आपल्या शाळेतल्या बायकांनाही तिथं न्यायचं, हे मी गाडीतच ठरवलं होतं.

शिक्षकांच्या खोलीत मी अर्धा तास बोलले. बर्फ, देवदार, पहाट, स्त्रियांचं स्वातंत्र्य, सगळं बोलले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

सगळं शांतपणे ऐकून घेऊन आमच्या मुख्याध्यापिका मोठ्या बाई म्हणाल्या, "चांगलंय. पण पापडाच्या आधी जायचं, का पापडानंतर?"

*

मोठ्या बाईंचा दुसरा प्रश्न होता, "तिथं देऊळ कुणाचं?"

"देऊळ नाही बाई. जंगल आहे. राखीव."

"मग इतक्या लांब कुणाला भेटायला जायचं?"

"वाघाला," मी म्हणाले. "तिथं कायदाच आहे, की वाघाला मारायचं नाही. नुसतं बघायचं!"

आपल्याकडे तेव्हा जंगल राखायचं ते बड्या लोकांच्या शिकारीसाठी. त्यामुळे मारायचं नाही हे ऐकून सगळ्या जरा चकित झाल्या. उर्दू शिकवणाऱ्या हशमत आपा कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"अच्छा कानून है बेटी. मगर शेर को भी कोई बताया क्या?"

*

मग नकाशा उघडला. मनमाडहून पुढे गाड्या बदलत बदलत जायचं, तर सुट्टीतले बरेच दिवस डब्यात आणि उद्यानात जेमतेम दोन, असा हिशेब निघाला. हिमालय रद्द झाला. त्याच्या जागी आला आपल्याच मुलखातला माहूर-किनवटकडचा डोंगर. हदगावपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, डोंगरात सरकारी राखीव जंगल आणि उतरायला डाक बंगला.

मी हिरमुसले. आपा म्हणाल्या, "रोती कायकू? हिमालय को बोलो, तू जरा इधर सरक!"

पण एक बाई मनापासून खूश झाल्या. त्या म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या कृष्णाबाई.

कृष्णाबाई फार लहानपणी विधवा झाल्या. सासर लातूरचं. शाळेची नोकरी लागली तशा त्या नांदेडला एका खोलीत राहत. पण सुट्टी लागली की आठवडाभरात दीर न्यायला दारात हजर. उन्हाळाभर लातूरच्या मोठ्या घराचं वाळवण एकट्या त्यांनी करायचं, आणि शाळा उघडली की काळवंडून परत यायचं. बारा महिन्यांतला एकही मोकळा दिवस त्यांच्या नावावर नव्हता.

त्या रोज फळ्यावर त्रिकोण काढून मुलींना डोंगर शिकवत. एकदा दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, याच्या टोकावर बसलं तर टोचत न्हाई का?"

वर्ग हसला. कृष्णाबाई हसल्या नाहीत. सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला काय उत्तर द्यावं कळालंच न्हाई हो. लातूर अन् नांदेड सोडून मी काय बघितलंय? सगळी टेकाडंच. एकदा खराखुरा डोंगर बघून यायचाय. मी पोरींना खोटं तर शिकवून राहिले न्हाई ना, एवढंच बघायचंय."

त्या दिवसापासून सहल माझी राहिली नाही. ती कृष्णाबाईंची झाली. भावजी लातूरहून येण्याआधी चार दिवस त्यांच्यासाठी काढायचे, एवढंच माझं ध्येय उरलं.

*

पण तारीख काही ठरेना! त्याचं कारण पापड.

आमच्या गल्लीत पापड कुणी एकटीनं लाटत नाही. आज एकीच्या घरी सगळ्यांनी जमायचं, उद्या दुसरीच्या. जी तुमच्याकडे आली तिच्याकडे तुम्ही जायचंच. ही पाळी मोडणं म्हणजे लग्नात पंगतीतून उठून जाण्यासारखं. मोठ्या बाईंच्या घरची पाळी झाली, तर त्यांच्या विहिणीची राहिलेली. तिची झाली, तर विहिणीच्या नणंदेची.

मी म्हणाले, "मग मी पण येते लाटायला. जितके हात जास्त, तितक्या लवकर मोकळ्या."

काशीत सगळं शिकवतात, पापड शिकवत नाहीत. माझ्या पहिल्या पापडाभोवती बायका जमल्या. मोठ्या बाईंनी तो दोन बोटांनी उचलला, उजेडात धरला. पलीकडचं काहीच दिसेना.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "हा वाळेपर्यंत आपण डोंगर बघून परत पण येऊ!"

तरी मी रोज गेले. शेवटी शेवटी माझे पापड पाळीतल्या बायका न हसता टोपलीत टाकू लागल्या. तारीख ठरली.

*

मग मी चालण्याचा सराव काढला. डोंगर चढायचा तर दम हवा! रोज पहाटे मोठ्या बाई, आपा, कृष्णाबाई आणि मी, अशा जाणाऱ्या चौघींनी गोदावरीच्या घाटापर्यंत झपाझप चालत जायचं आणि यायचं. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मान खाली, श्वास मोजून.

पहिल्याच दिवशी रस्त्यातल्या एका दुकानदारानं आम्हाला बघून टोपी काढली. मला वाटलं, शिक्षिकांबद्दलचा आदर! पुढे एका घरातून एक आजीबाई बाहेर आल्या, डोळ्याला पदर लावला आणि रडत रडत आमच्या मागं चालू लागल्या.

घाटावर पोचल्यावर त्या पायरीवर बसल्या. भरपूर रडून झाल्यावर नाक पुसत त्यांनी विचारलं, "कोण गेलं ओ बाई?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. आमच्याकडे इतक्या पहाटे बायका न बोलता, मान खाली घालून, हातात घागर नसताना नदीवर जातात त्या एकाच कारणानं.

आपा त्यांच्या शेजारी टेकल्या आणि समजूत घालत म्हणाल्या, "अभी तो कोई नहीं गया, अम्मा. पहाड पे जाने के बाद देखेंगे."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घागरी घेऊन सराव केला.

*

चौघीजणी मिळून गावाबाहेर जायचं, तर तेव्हा कचेरीची इजाजत लागे. चार माणसं एकत्र दिसली की संस्थानच्या सरकारला जलसा, म्हणजे जाहीर सभा, वाटायची. आपांनी सुंदर उर्दूत अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी पोलिसांच्या अमीनसाहेबांपुढे उभ्या राहिलो.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. पुन्हा वाचला.

"पहाड देखने को जा रे?"

"जी."

"कायकू? वो कहीं भाग रा क्या?"

मी सृष्टिसौंदर्यावर बोलायला तोंड उघडलं. आपांनी माझ्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. माझ्या तोंडून 'स्वातंत्र्य' हा शब्द निघून गेला होता.

साहेबांना भाषणाचा वास आला. "ये बी पहाड पे तकरीर करती क्या?"

"नहीं साब, बच्ची है. हवा खाएगी, आएगी."

त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "परसों के दिन सुबह आके कागज लेके जाओ. देखने की इजाजत है. बोलने की नहीं."

फाटकाबाहेर आल्यावर आपांनी बुरख्याच्या आतून सुस्कारा सोडला.

"चार औरतां, चार दिन, और बोलना नहीं? इससे तो शेर खा लिया तो अच्छा!"

*

सामानाबद्दल मी एकच नियम केला होता: प्रत्येकीची एक पिशवी. माझ्या पिशवीत दुर्बीण, वही, एक पातळ. आपांच्या पिशवीत पानदान, आणि पानदानाच्या सोबतीला आणखी एक पानदान. कृष्णाबाईंच्या पिशवीत खडू. "डोंगर बघता बघता तिथंच काढून बघीन म्हटलं," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाईंची पिशवी मला उचलेना. उघडून बघितलं तर आत पाटा-वरवंटा!

"बाई, आपण डोंगरावर चाललोय. तिथं दगडांना काय तोटा?"

"दगड असतील हो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण ते माझ्या हातचे नाहीत."

*

आता शेवटचा किस्सा. हा आम्ही अजूनही एकमेकींना सांगतो.

निघायला दोन दिवस होते. शाळेला सुट्टी लागली होती. संध्याकाळी आम्ही कृष्णाबाईंच्या खोलीत बसलो होतो, आणि दारात त्यांचे दीर व्यंकटराव उभे! दरवर्षी येत त्याच्या आठवडाभर आधी.

माणूस वाईट नव्हता. लांबूनच सगळ्यांना नमस्कार केला, उंबऱ्याशी बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "वहिनी, सकाळच्या मोटारीनं निघायचंय. कुरडयाचे गहू भिजत घालून आलोय."

कुरडया करणाऱ्या बाईला यावर काही सांगावं लागत नाही. गहू एकदा पाण्यात पडले की कुणाची वाट बघत नाहीत. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढायचा. एक दिवस चुकला तर सगळी मेहनत उकिरड्यावर.

मी मात्र उठले आणि बोलले. स्त्रीचा हक्क, तिचा वेळ, तिचा डोंगर. खूप बोलले. व्यंकटरावांनी मान हलवत सगळं ऐकलं.

"बाई, तुमचं बोलणं लई खरं हाय," ते म्हणाले. "पण गहू भिजलेत."

मी कृष्णाबाईंकडे बघितलं. त्या उठल्या, फळीवरून पितळेचा मोठा सोऱ्या काढला आणि पुसायला लागल्या. तो त्यांच्या आईचा. कुरडया घालायला दरवर्षी तो घेऊन जायच्या. त्यांच्याकडे बघवेना. बाहेर येऊन मी मोठ्या बाईंना सांगितलं, "सहल रद्द. त्यांच्याशिवाय मी कुठंच जाणार नाही."

सकाळी आम्ही तिघी त्यांना पोचवायला मोटार-अड्ड्यावर गेलो. लातूरची मोटार उभी होती. व्यंकटराव खिडकीजवळ बसले होते, शेजारची जागा त्यांनी उपरणं टाकून धरली होती. कृष्णाबाई एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात सोऱ्या घेऊन खाली उभ्या.

चढायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "भावजी, तुम्ही इथं, मी इथं. मग गव्हाचं पाणी कोण बदलून राहिलं?"

"ही हाय की घरी."

"अन् आंबूस वास आला का, कोण बघणार?"

"हीच."

"गहू बोटानं दाबून, चीक सुटला का ते?"

"आता वहिनी," व्यंकटराव जरा चिडून म्हणाले, "तेवढं काय कळत न्हाई का तिला? सगळं समजावून सांगितलंय तिनंच मला. कधी भिजवायचे, किती भिजवायचे, सगळं!"

कृष्णाबाईंनी चढायला उचललेला पाय खाली घेतला.

"लग्न होऊन आल्यापासून जाऊबाई म्हणून राहिल्या, कुरडईतलं मला काही कळत न्हाई."

व्यंकटराव शेजारच्या जागेवरचं उपरणं सारखं करायला लागले. ड्रायव्हर पुढे जाऊन हॅन्डल फिरवायला लागला. इंजिन धडधडलं.

कृष्णाबाईंनी खिडकीतून हात आत घातला आणि सोऱ्या व्यंकटरावांच्या मांडीवर ठेवला.

"साच्याला तेल लावून ठेवलंय म्हणावं."

मोटार निघून गेली. अड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला हदगावची मोटार उभी होती. क्लीनर ओरडत होता, "हदगाव, हदगाव, चार जागा!"

कृष्णाबाई त्या मोटारीकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या हातातलं गाठोडं घेऊन सरळ मोटारीच्या टपावर चढवायला दिलं.

"अहो, अहो!" मोठ्या बाई माझ्यामागे धावत आल्या. "इजाजतीचा कागद उद्या मिळणार, सामान घरी पडलंय, तुम्ही काय करून राहिल्या?"

"दोन्ही राहू द्या," मी म्हणाले. "चढा!"