धने घातलेली बिअर

आम्ही नवरा-बायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर एक बिअर प्यायलो. देवाचं नाव घेतलं असतं तर सांगायला बरं दिसलं असतं, पण जे झालं ते झालं.

मस्कतला अझैब्यात राहायचो. मी एसी मेकॅनिक. वय झालं तरी अर्बाबने, म्हणजे मालकाने, मला सोडलं नव्हतं. बायकोला कॅन्सर. औषधांनी तोंडाची चव पार गेलेली. डॉक्टरने हात टेकले, म्हणाला, मागतील ते खायला द्या. पण ही काही मागतच नव्हती. पेज दिली, म्हणाली, "कागद." माशाची कढी दिली, म्हणाली, "ओला कागद." हिने चार घास खावेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

खालच्या मजल्यावर आमच्याच कंपनीतला जर्मन इंजिनियर, माझ्यासारखाच म्हातारा. सुट्टीवरून आला आणि तिकडची बाटली घेऊन वर आला. बिअरचं नाव गोझे. मोडक्या हिंदीत सांगायला लागला, आंबट असते, मीठ घालतात, धने घालतात.

"धने?" बायको उठून बसली. "अहो, विचारा त्याला, फोडणी कसली देतात?"

मी विचारलं. त्याला ते खरंच वाटलं. विचार करून म्हणाला, फोडणी नाही.

मग इतिहास. पहिल्यांदा जिथे झाली तिथल्या नदीचं पाणीच म्हणे खारट, म्हणून बिअर खारट.

"माझ्या माहेरच्या विहिरीला भरतीचं पाणी लागायचं," बायको म्हणाली. "आम्ही नुसत्या शिव्या घालत बसलो. यांनी बाटल्या भरल्या."

जर्मनाचं पुढे चालूच. पूर्वी या बाटलीला बूचही नसायचं. मान लांब, त्यात फेस वर येऊन घट्ट बसायचा, तेच बूच. दुसऱ्या महायुद्धानंतर ही बिअर हळूहळू बंदच पडली. पुढे कुणाला तरी ती पुन्हा बनवावीशी वाटली, तर त्याने गावातले म्हातारे गाठले आणि विचारलं, बाबांनो, चव कशी होती?

"म्हातारे खरं बोलले कशावरून?" बायको म्हणाली. "फुकट मिळतेय म्हटल्यावर रोज सांगतील, अजून जमली नाही, आणखी एक आण."

हे मी जर्मनाला सांगितलं. हसून हसून त्याला ठसका लागला.

तो गेल्यावर स्टीलच्या पेल्यांत ओतली. मला तर नासलेलं ताक वाटलं. तिने घोट घेतला, डोळे मिटले. आता थुंकणार म्हणून मी टॉवेल धरला.

"खारट," ती म्हणाली. "अहो, खारट लागतंय मला! भात आहे का?"

भात होता. सकाळची कढीही होती. घास खायची, घोट घ्यायची. कढीला नाक मुरडून म्हणाली, "मीठ किती घातलंय! जीभ आहे की नाही तुम्हाला?" वर माझाही पेला ओढून घेतला. मी लगेच खाली फोन केला, भाभीला आवडली.

रात्री झोपेतच गेली.

सकाळी बेल वाजली. दारात जर्मन, दाढी गुळगुळीत, हातात उरलेल्या दोन बाटल्या. "भाभी के लिए. खडा रखना." मी बाटल्या घेतल्या. फ्रिजमध्ये कढीचं पातेलं सरकवून नीट उभ्या ठेवल्या. मग बाहेर येऊन त्याला म्हटलं, आत ये, बस.