डोंगर मोकळा होता

त्या दोघा भावांच्या सोफा दुरुस्तीच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की आधी घाबरायचं. आत थोरला तोंडात बारीक खिळे धरून बसलेला, धाकटा हातात दाभण घेऊन उभा, आणि आवाज असे चढलेले की आता कोणीतरी कोणाला भोसकणारच. जुनी गिऱ्हाइकं मात्र आपली मोडकी खुर्ची निवांत कोपऱ्यात टेकवायची आणि नव्याला सांगायची, काही नाही हो, शेवटचा बॉल चाललाय.

आता हा शेवटचा बॉल काय ते सांगायला हवं. तीसेक वर्षांपूर्वी त्या शहराचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदा फायनलला गेला. पहिल्यांदा आणि शेवटचंच, कारण त्यानंतर त्या संघाने नाव काढावं असं काही केलं नाही. सामना संपत आलेला, आपण एका पॉइंटने मागे, बॉल डावखुऱ्याच्या हातात. आणि रिंगखाली डोंगर. डोंगर म्हणजे आपला सगळ्यात उंच गडी, दोन्ही हात वर करून उभा. डावखुऱ्याने त्याला पास दिला नाही. स्वतःच फेकला. बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. शहर रात्रभर रडलं आणि सकाळी उठून कामाला गेलं.

हे दोघे तेवढे गेले नाहीत. म्हणजे दुकानात आले, पण मन तिथेच. थोरला म्हणायचा, डावखुऱ्याने केलं ते बरोबर केलं, अख्खं वर्ष त्याच जागेवरून त्याने बास्केट केले होते, एक नाही गेला तर लगेच मूर्ख? धाकटा म्हणायचा, डोंगर मोकळा होता, डोळे फुटले होते का त्याचे? बरं, त्या क्षणाचं चित्रण कोणी लावून बघावं तर नेमकी डोंगराच्या पुढे पंचाची पाठ. तो मोकळा होता की त्याला दोघांनी धरलं होतं, देवालाच ठाऊक. म्हणून तर भांडण टिकलं.

कापड कापायच्या टेबलावर सोफ्याची बटणं मांडली जायची. पिवळी आपली, काळी त्यांची, रिंगच्या जागी दोऱ्याचं रीळ. थोरला दोन काळी बटणं डोंगराला चिकटवून ठेवायचा. त्याची पाठ वळली की धाकटा त्यातलं एक हळूच लांब सरकवायचा. मग थोरला तोंडातले खिळे हातावर काढून ओरडायचा, "हात लावतोस, चोरा!" हे रोजचं. वहिनी डबा घेऊन यायची आणि कपाळाला हात लावायची. अरे, एकाने कोणीतरी हो म्हणा आणि दोन घास गिळा, ती म्हणायची. जेवण निवून जायचं, पण हो कोणी म्हणायचं नाही. धाकटा तर सांगायचा, दादा ज्या दिवशी हो म्हणेल त्या दिवशी ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेईन.

मग दादाच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं, हेच तर दुखणं. वाईट झालं असतं तर दोष द्यायला काहीतरी सापडलं असतं. जखम भरली, ताप उतरला, आणि दादा भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. बोलायचा नाही. खायचा नाही. वहिनी पेजेचा चमचा ओठाशी नेई आणि ओठ असे घट्ट मिटत की जणू शिवण घातलीय. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला बाहेर बोलावलं. त्या सरळ माणूस होत्या, गोल गोल बोलल्या नाहीत. पोट बरं झालंय, गिळायला काही अडचण नाही, पण यांचीच इच्छा दिसत नाही, म्हणाल्या. शिरेतून किती दिवस ढकलणार? खाल्लं नाही तर हा माणूस उठायचा नाही.

वहिनी आत उशाशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "भावजी," ती म्हणाली, "भांडा यांच्याशी."

धाकटा भांडला. आधी आजकालच्या पोरांवरून सुरुवात केली. सगळे मेले लांबून फेकतात, रिंगजवळ जायला यांच्या पायात काटे मोडतात का? नव्या कप्तानाचं लक्ष खेळात कमी आणि केसांत जास्त. कोच तर असा की याला घरात कोणी विचारत नसेल. एरवी यातल्या एकेका वाक्यावर दादाने सकाळ घालवली असती. दादा भिंत बघत राहिला. दुकानाशेजारचा न्हावी येऊन गेला. त्याचं मत जुनंच, की चूक दोघांचीही नव्हती, कोचची होती. या मतावर दोघे भाऊ एक होऊन त्याच्यावर तुटून पडायचे, म्हणून तो बिचारा मुद्दाम तेच बोलला आणि वाट बघत उभा राहिला. मग आपली टोपी घेऊन गेला.

तेव्हा धाकट्याने शेवटचा बॉल काढला. भाता रिकामा झाला होता, दुसरं उरलंच काय? पलंगाच्या कडेला बसून तो तोंडाला येईल ते बोलला. तुझा डावखुरा गर्विष्ठ होता, दादा. स्वतःचं नाव व्हावं म्हणून त्याने शहर बुडवलं. आणि तू तीस वर्षं त्या गाढवाची वकिली केलीस. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला, शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला.

दादाने मान वळवली नाही. "खरंय तुझं," तो म्हणाला. "पास द्यायला हवा होता."

धाकटा पलंगावरून ताडकन उठला. ज्या वाक्यासाठी त्याने अर्धं आयुष्य घसा कोरडा केला, ते वाक्य असं, भिंतीला सांगितल्यासारखं. दादाने असं सोडून दिलं म्हणजे सगळंच सोडून दिलं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"मागे घे," तो म्हणाला. "दादा, शब्द मागे घे."

"दमलो रे. जिंकलास तू. जा घरी."

बाहेरच्या बाकावर बसून धाकटा लहान पोरासारखा रडला. येणारे-जाणारे बघत होते, बघेनात का. वहिनी मागोमाग आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. दादा हो म्हणाला, एवढंच त्याने सांगितलं. जिने जन्मभर त्या एका होकारासाठी हात जोडले, ती बाई त्याच्याशेजारी बाकावर बसली. मग आता हे राहत नाहीत भावजी, म्हणाली, आणि पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला तो खिशात बटणं घेऊन. जेवणाचा ट्रे दादाच्या पलंगावर ओढला, त्यावर पिवळी मांडली, काळी मांडली, रीळ ठेवलं. आणि दोन काळी बटणं घेऊन त्याने स्वतःच्या हाताने डोंगराला चिकटवली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मग तो दादाच्या बाजूने बोलू लागला. शब्दही दादाचेच, दुसरे आणणार कुठून? दादा, चुकलो मी. डावखुऱ्याने फेकला ते बरोबर फेकला. डोंगराला दोघांनी धरलं होतं. आणि धरलं नसतं तरी काय दिवे लावले असते त्याने? त्याच्या हातातून बॉल तेल लावल्यासारखा निसटायचा. हे बोलताना त्याच्या जिभेला चटके बसत होते. मिसरूड फुटली नव्हती तेव्हापासून तो डोंगराचा भक्त. घरात डोंगराचा फोटो, दुकानात डोंगराचा फोटो. पण दादापुढे डोंगर काय चीज आहे? डोंगर ढिला होता, दादा, नुसता उंच वाढलेला. फायनलच्या दिवशी त्याचे पाय लटपटत होते, मी बघितलं होतं, तुला कधी बोललो नाही. हे तर धडधडीत खोटं होतं.

दादा भिंतीकडे. वहिनी पलीकडच्या बाजूला पेजेची वाटी घेऊन उभी. धाकट्याकडचे मुद्दे संपले तशी तिने सुरुवात केली. तिला सगळं तोंडपाठ होतं, रोज जेवण निवत असताना ऐकलेलं. डोंगराचा गुडघा त्या वर्षी दुखत होता की नाही, ती म्हणाली. त्याला पास देऊन काय उपयोग होता? एरवी तिला बास्केट आणि बादली यातला फरक सांगायला लागायचा. आता ती डोळे पुसत पुसत डोंगराला नावं ठेवत होती.

दोघेही थकले. धाकटा ट्रेवर डोकं टेकून बसला. आता दुकानात एकट्यानेच परत जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. त्याने डोकं उचललं. दादाची मान इकडे वळली होती. पांघरुणातून एक हात बाहेर आला होता, सुकून काडी झालेला, आणि त्याचं एक बोट डोंगराजवळचं काळं बटण लांब ढकलत होतं.

धाकट्याने ते बटण उचललं आणि होतं तिथे परत ठेवलं.

दादाचे डोळे उघडले. त्यात राग होता. जुना, ओळखीचा, देवासारखा राग.

"हात लावतोस, चोरा," तो कसाबसा म्हणाला. "डोंगर मोक..."

तोंड उघडं होतं. वहिनीने चमचा आत घातला.

दादाचा गळा वर गेला, खाली आला. वहिनीने दुसरा चमचा भरला, आणि धाकट्याने काळं बटण डोंगराच्या आणखी जवळ सरकवलं.